उलटी विहीर कुठे संपते

प्रिय बारक्या,

हे पत्र घेऊन आलेल्या माणसाला आधी आत बोलाव. तुझ्या दुकानाच्या दारात तो चष्म्याच्या फ्रेमा बघितल्यासारखं करत उभा असेल. तो आपला नवा. हो, तोच, तुझ्या जागी घेतलेला. अकरा वर्षं झाली, निम्मे केस गेले, उरलेले पिकले, तरी बँडमध्ये त्याला अजून 'नवा'च म्हणतात. तुझ्यासमोर यायला कां कूं करत होता. मी म्हटलं, अरे, खाणार नाही तो तुला, फार तर डोळ्यांचा नंबर तपासेल. त्याला खुर्ची दे, चहा दे, आणि तू मागच्या खोलीत जाऊन हे शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर फाडलंस तर याद राख. उत्तर त्याच्याचजवळ द्यायचं आहे आणि आजच द्यायचं आहे, कारण उद्या दुपारी मला मॅनेजरला हो किंवा नाही सांगायचं आहे. दोन्हीपैकी काहीही सांगितलं तरी तुझ्या दाजीचं वाटोळं होणार, असं मला आत्ता तरी दिसतंय.

फोन का केला नाही हे तुला ठाऊक आहे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला म्हणतोस, "ताई, बँडचं सोडून बोल." आणि मी मेली लगेच सोडते. मग आपण दोघं गुडघे, दात आणि तुझ्या लेकीची नोकरी यांवर अर्धा तास काढतो. ज्या दोघांनी आयुष्याची उमेदीची वर्षं एका खटारा गाडीत स्पीकरच्या खोक्यांवर झोपून काढली, त्यांनी वाढदिवसाला एकमेकांना गुडघ्यांची खबरबात विचारायची! असो. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

परवा संध्याकाळी मोठ्या सभागृहात आपला कार्यक्रम आहे. 'आपला' लिहिलं, ते तसंच राहू दे, खोडत नाही. हा शेवटचा कार्यक्रम. तो रेकॉर्ड होणार, आणि आजवरच्या स्टुडिओतल्या सगळ्या रेकॉर्डी आणि इतक्या वर्षांची कार्यक्रमांची निवडक रेकॉर्डिंगं यांच्यासोबत तोही एका मोठ्या पेटीत, एकत्र संच म्हणून, विकायला निघणार. त्या पेटीतलं शेवटचं गाणं म्हणजे परवाची 'उलटी विहीर'. आणि नेमकी तीच विहीर दाजीला आता संपवता येत नाही. हे मी, लंबू, नवा, साउंडवाले मास्तर, मॅनेजर आणि डॉक्टर, एवढ्यांनाच माहीत आहे. आता तुला.

नीट सांगते. गेल्या वर्षीपासून सुरू झालं. दाजी दाढी करून बाहेर आला, टॉवेल ठेवला, आणि परत आत जाऊन साबण लावायला लागला. मी हसले. मला वाटलं, लक्ष नसेल, नाहीतरी हा माणूस कधी जागेवर होता! मग एकदा ओटा पुसायला घेतला तो पुसतच राहिला. ओटा चकचकीत झाला, फडकं कोरडं झालं, तरी याचा हात आपला फिरतोच आहे. मी हाक मारली तर "हो, झालंच" म्हणाला आणि पुसत राहिला. जवळ जाऊन हातावर हात ठेवला तेव्हा थांबला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याला कुठून तरी लांबून परत आणलंय. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचे फोटो काढले. त्यांचं म्हणणं, हात काहीच विसरले नाहीत, उलट हातांना सगळं येतं. पण हाती घेतलेलं काम संपलं, हे आतून सांगणारं जे काही असतं ते झिजत चाललंय. बाहेरून ओळखीची खूण मिळाली तर थांबेल, नाहीतर करतच राहील. औषधाने वेग कमी होईल, माघारी काही फिरणार नाही. हे सगळं ऐकून दाजी डॉक्टरांना काय म्हणाला असेल? म्हणाला, "ड्रम वाजवणाऱ्याला हे सगळे लोक आधीपासूनच म्हणतात." डॉक्टर हसले. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि मनसोक्त रडले, आणि हा बाहेर उभा राहून काचेवर टकटक करत होता, टकटक करतच राहिला.

तुला 'विहिरी'चा जन्म आठवतो ना? ते तळघर, भिंतींना चिकटवलेल्या जुन्या चटया, आणि तू आणलेलं ते प्रतिध्वनीचं यंत्र, ज्यातून निम्मा वेळ तुझी गिटार आणि निम्मा वेळ शेजारच्या टॅक्सीवाल्याचा रेडिओ यायचा. आई जिन्यावर येऊन नाव विचारून गेली होती. "विहीर ठीक आहे रे, पण उलटी कशाला?" आपण हसून गडाबडा लोळलो होतो. स्टुडिओत गेलो तेव्हा रेकॉर्डच्या एका बाजूवर ती मावेना. मास्तर तेव्हा तरणेताठे होते, आणि तेवढेच खडूस. त्यांनी काच ठोकून सांगितलं की तुमची विहीर तुम्ही खणत बसा, मी जागा संपली की आवाज खाली नेणार. आणि नेला. म्हणून स्टुडिओच्या रेकॉर्डवर तिला शेवटच नाही, नुसती लांब लांब जात नाहीशी होते. घरी ऐकणाऱ्याला ते फार गूढ वाटतं. आपल्याला मात्र पहिल्याच कार्यक्रमात घाम फुटला होता, कारण स्टेजवर आवाज खाली न्यायला कोणी नव्हतं आणि कसं थांबायचं हे कोणालाच माहीत नव्हतं! तेव्हा नियम झाला. ज्याच्या हातात काठ्या त्याच्या हातात शेवट. दाजीला वाटेल तेव्हा तो ती घरंगळणारी गडगड काढणार, झांजेवर एक घाव घालणार, आणि आपण सगळे तिथल्या तिथे गप्प. मोजायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकांकडे बघायचंही नाही. मी डोळे मिटून ऑर्गनवर बसायचे आणि कधी तो घाव पडतो याची वाट बघायचे. देवाशपथ सांगते, त्या माणसाशी मी लग्न केलं त्यात त्या घावाचा मोठा हात होता. किती बरोबर जागी पडायचा! आमचं लग्न झालं आणि तू त्याला चिडवायला 'दाजी' म्हणायला लागलास, मग बघता बघता तो सगळ्या बँडचा दाजी झाला. लंबू त्याच्यापेक्षा वयाने मोठा, तोही दाजीच म्हणतो.

आता मागच्या आठवड्यातली तालीम. गोदामात होतो, भर दुपार, पत्रा तापलेला. बाकीची गाणी फक्कड झाली, कारण त्यांना ठरलेला शेवट आहे आणि आम्ही सगळे एकदम थांबलो की तोही थांबतो. मग विहीर घेतली. सुरुवात अशी झाली की मास्तर मिक्सरमागून उठून उभे राहिले. पण वेळ जायला लागला. लंबूने बास वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं, मी नव्याकडे. मी सूर पातळ केले, नव्याने वाजवणं जवळजवळ बंद केलं. दाजी डोळे मिटून वाजवतोच आहे. मास्तरांनी दिवे उघडझाप केले. काही नाही. शेवटी आम्ही तिघंही थांबलो, आणि तो एकटा वाजवत राहिला. बारक्या, वाजवत होता ते वाईट नव्हतं रे. पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. घामाने निथळत होता आणि ओठ हलत होते, गर्दीत चुकलेल्या पोराचे हलतात तसे. मी उठले, ड्रमला वळसा घालून गेले आणि त्याचं मनगट धरलं. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "कार्यक्रम झाला का? लोक गेले?" लंबू पाठ करून उभा राहिला. मी म्हटलं, हो, झाला, छान झाला. दुसरं काय म्हणणार होते?

विहीर गाळून टाका, असं मीच सगळ्यात आधी म्हटलं. दाजी म्हणाला, "विहीर नाही तर मी नाही." आणि लोकही तिच्यासाठीच येणार आहेत, मॅनेजरचं ते म्हणणं काही खोटं नाही. मग मॅनेजरने त्याचा तोडगा काढला. तो असा. विहीर सुरू झाली की दाजीसमोरचे सगळे माइक मास्तरांनी बंद करायचे. पडद्यामागे दुसरा ड्रमचा संच मांडायचा, त्यावर एक तयारीचा वाजवणारा बसवायचा, आणि लोकांना ऐकू येईल ते त्याचं. रेकॉर्डवरही त्याचंच. शेवटचा घाव तोच घालेल. दाजीच्या कानातल्या हेडफोनमध्ये मात्र दाजीचंच वाजवणं सोडायचं, म्हणजे त्याला पत्ता लागणार नाही. घाव पडला की दिवे घालवायचे, टाळ्यांचा कडकडाट होईल, आणि त्या अंधारात मी जाऊन त्याचं मनगट धरायचं. दिवे परत लागतील तेव्हा तो हात जोडून उभा.

वाचलंस? परत वाच. मी त्या मॅनेजरच्या अंगावर पाण्याचा ग्लास ओतला. खरंच ओतला. लंबूने मला खुर्चीत बसवलं आणि खाली मान घालून म्हणाला की ताई, दुसरा रस्ता दाखव, मी तुझ्या बाजूने उभा राहतो. दुसरा रस्ता कुठला दाखवू? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. नाही म्हणावं तर हजार लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, तो वाजवत राहणार, आम्ही थांबणार, लोक आधी टाळ्या देतील, मग कुजबुजतील, मग कोणीतरी हसेल. ते पहिलं हसू मला ऐकायचं नाही. हो म्हणावं तर ज्या माणसाच्या हातात आम्ही आयुष्यभर शेवट दिला, त्याला शेवटच्या दिवशी मुक्याने वाजवायला बसवायचं, आणि वर अंधारात जाऊन मीच त्याला फसवायचं. आणि खरं सांगू? काल मी मनाशी 'हो' म्हणून टाकलं होतं. फसवलेलं त्याला कळणार नाही, हसलेलं कळेल. एवढाच हिशेब. असल्या निर्णयावर बायकोची सही लागते, हे मला कोणी लग्नात सांगितलं नव्हतं.

आता तुझ्याशी संबंध काय, असं म्हणशील. थांब जरा, येतेच आहे तिकडे. पेटीसाठी विहिरीची कुठली रेकॉर्डिंगं घ्यायची हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. मास्तरांनी जुन्या टेपा धुऊन पुसून दिल्यात, आणि त्यांत प्रत्येक वाद्य वेगळं ऐकता येतं. सकाळची कामं उरकली की मी हेडफोन लावून बसते. दाजीच्या तब्येतीमुळे मी मुद्दाम त्याचे घाव ऐकत होते, एकटे ड्रम लावून. तो कसं ठरवायचा, हे मला शोधायचं होतं. म्हटलं, सापडलं तर त्याला परत शिकवता येईल. ड्रममध्ये काहीच सापडेना. प्रत्येक वेळी गडगड अचानक, न सांगता सवरता. मग एकदा चुकून तुझी गिटार चालू राहिली. तेव्हा ऐकलं ते मी आधी योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसरी टेप लावली, तिसरी लावली. मग पहिली परत लावली.

घाव पडायच्या बऱ्याच आधीपासून तू त्याला वळवत आणायचास. सूर कमी करत, खाली खाली उतरत, झोपेत चालणाऱ्या पोराला हाताला धरून अंथरुणापर्यंत आणावं तसा. आणि मग सगळ्यात खालची जाड तार, मोकळीच छेडायचास, जरा घुटमळून, आणि ती वाजत असताना गप्प राहायचास. आणि गडगड यायची. सगळीकडे, रे! उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात, त्या गळक्या तंबूत, माझ्या अंगात ताप होता त्या दिवशीसुद्धा. जाड तार, तू गप्प, मग दाजी. एकदाही उलटं नाही. आयुष्यभर आम्ही ज्याला दाजीचा शेवट म्हणत आलो, तो तुझा होता. दाजीला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? खरं सांग हं. मला वाटतं, तुलाही नव्हतं. तुला माहीत असतं तर भांडणात तू ते त्याच्या तोंडावर फेकल्याशिवाय राहिला नसतास, तुझा स्वभाव मी ओळखते.

तू गेल्यावर विहीर लांबायला लागली. लोकांनी लिहिलं की बँड आता जास्त खोल गेलाय. खोल कसला, आम्हाला बाहेर पडायची वाट सापडत नव्हती! नवा बिचारा मनापासून वाजवतो, पण तो दाजीची वाट बघत राहायचा आणि दाजी कोणाची तरी वाट बघत राहायचा. कधीतरी हात दुखले की घाव पडायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं.

आणि मग मी तुझ्या शेवटच्या कार्यक्रमाची टेप लावली. ती लावायची नाही असं मी ठरवलं होतं, पण माझं ठरवणं तुला माहीतच आहे. त्या दिवशी विहीर संपता संपेना, आठवतंय? प्रेक्षक उठून जायला लागले होते. आणि खाली उतरल्यावर दाजी सगळ्यांसमोर तुला म्हणाला, "तुला थांबायचं कळतच नाही. वाजवण्यातही नाही आणि आयुष्यातही नाही." तुझा संसार तेव्हा नुकताच मोडला होता. तू गिटार खोक्यात ठेवलीस आणि मागे न बघता गेलास. मी दोघांवरही चिडले होते, आणि एवढी चिडले होते की कोणाच्याच मागे धावले नाही. तर त्या टेपवर काय आहे सांगू? मध्यावर कुठेतरी तुझ्या गिटारमध्ये एक फटका ऐकू येतो आणि पुढे जाड तार नाहीच. तुटली. जाड तार कधी तुटते का? पातळ तुटतात. पण तुटली, आणि तू तसाच उरलेल्या तारांवर वाजवत राहिलास, पुन्हा पुन्हा खाली उतरत आलास, आणि खाली छेडायला काही नव्हतंच. आणि दाजी वाट बघत राहिला. तू थांबायचं सांगत होतास आणि त्याला ऐकू येत नव्हतं. तो तुला म्हणाला, थांबायचं कळत नाही! मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मोठ्याने शिवी दिली. कोणाला दिली ते मलाही माहीत नाही.

हे कळल्यावर मी गप्प बसले असेन का? नव्याला टेप ऐकवली. त्याने घरी बसून घोटून घोटून तुझं ते उतरणं बसवलं, सूर न् सूर. तालमीत वाजवलं. दाजीने जराही दाद दिली नाही. मास्तर म्हणाले, आपण त्याच्या गिटारचा खराच तुकडा टेपवरून सोडू. सोडला. दाजी मध्येच थबकला, इकडे तिकडे बघायला लागला, आणि गोंधळून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागला. आधीपेक्षा वाईट. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि एक बोलले, ते मात्र पटलं. म्हणाले, टेप आपलं तेवढं सांगते, त्याचं काही ऐकत नाही. तुझा भाऊ दाजीचं ऐकत ऐकत उतरायचा. तो दमलाय, हे दाजीला कळायच्या आधी तुझ्या भावाला कळायचं. नव्यानेही ते मान्य केलं. हे पत्र घेऊन मी जातो, असं आज तोच आपणहून म्हणाला. बारक्या, त्याच्याशी नीट बोल. माणूस सोन्यासारखा आहे.

दाजीला मी काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? एक एक गोष्ट हातातून सुटत चाललीय त्याच्या. त्यात हेही सांगू, की बाबा रे, तुझा म्हणून जो मोठेपणा होता तोही तुझा नव्हता? माझी जीभ रेटेना. पण परवा नाश्त्याला बसलो असताना मी टेप लावून ठेवली होती, हेडफोन न लावता, मोठ्याने. जुना कार्यक्रम होता. दाजीच्या हातात चमचा होता. विहीर लागली तशी त्याची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली, पोह्यांकडे काय, कशाकडेच लक्ष नाही. मी जागची हलले नाही. तू उतरायला लागलास. त्याची बोटं तुझ्याबरोबर उतरायला लागली. जाड तार वाजली, आणि त्याने टेबलावर गडगड काढली, चमच्याने कपावर एक घाव घातला, आणि थांबला. थांबला, रे! आपला आपण, मी हात न लावता. मग कपाकडे बघत म्हणाला, "परत लाव." मी परत लावली. परत तसंच. आणखी एकदा लावायला सांगितली, त्या वेळी त्याने हात मांडीखाली दाबून ठेवले आणि नुसतं ऐकलं. त्यानंतर दिवसभर त्याने तो विषयच काढला नाही. मला वाटलं, विसरला असेल. अलीकडे मी त्याच्या विसरण्यावरच विसंबून असते, हीही एक गंमत.

आता शेवटचं, आणि हे पत्र मुळात का लिहिलं ते. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी काल 'हो' ठरवलं होतं, हे वर लिहिलंच आहे. तुला लिहायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं, कारण तू येणार नाहीस अशी माझी खात्री होती आणि नकार घ्यायची ताकद उरली नव्हती. आज सकाळी दाजी आंघोळ करून येऊन माझ्यासमोर बसला, अगदी पूर्वीसारखा, डोळे जागेवर. म्हणाला, काल गोदामात पडद्यामागे कोणीतरी दुसरा ड्रम जुळवत होतं, मी आयुष्यभर ड्रम जुळवले, मला काय तो ओळखू येत नाही? कोणासाठी आणलाय तेही कळलं. तो रागावला नाही, बारक्या. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मला लोकांची भीती नाही गं. हसले तर हसू देत. पण विहिरीत आत गेलो की मला फार भीती वाटते. आतून आवाज दिला तरी कोणी ऐकत नाही. तो ऐकायचा." मग म्हणाला, शेवट त्याचा होता आणि मी त्यालाच तसं बोललो. ते बोललेलं तेवढं मी विसरलो नाही बघ, बाकी सगळं विसरतोय. आणि उठता उठता म्हणाला, "त्याला बोलाव. पण मी बोलावलंय असं सांगू नकोस, तू बोलावलंस असं सांग." मी हो म्हटलं. नवऱ्याचं मी उभ्या आयुष्यात फारसं ऐकलं नाही, आज तरी का ऐकू? मी नाही, दाजीने बोलावलंय तुला. तिकडे त्या खुर्चीत नवा चहा पीत बसलाय, त्याची गाडी बाहेर उभी आहे. दुकान बंद कर आणि ये.

वाट बघणारी, तुझीच,
ताई